रिबेचं तळघर आणि आमची लिफ्ट

लिफ्टमध्ये अडकण्यात अमानवीय काय, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणाले असते. नजर, बाधा, आभास... आमच्या घरात असलं काही कधी नव्हतंच. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, बालपण लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणि मी स्वतः नोएडाच्या एका शाळेत फिजिक्स शिकवते. तरीही हे लिहितेय.

माझी धाकटी बहीण विशाखा त्या उन्हाळ्यात नवऱ्याबरोबर डेन्मार्कला गेली होती. गिरीशचं ऑफिसचं काम जवळच्या दुसऱ्या गावात, पण हिने हौसेने रिबेला एक जुनं घर भाड्याने घेतलं होतं. रिबे म्हणजे तिथलं सगळ्यात जुनं शहर. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचे – दगडी गल्ल्या, एका अंगाला कललेली घरं, कॅथेड्रलचा विटांचा टॉवर, पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवणारा नदीकाठचा खांब.

त्या दिवशी मी भाजी घेऊन परतले. लिफ्टमध्ये एकटीच. आठव्या मजल्याच्या आसपास वीज गेली. जनरेटर सुरू होईल म्हणून थांबले... झाला नाही. अलार्म वाजेना, मोबाईलला नेटवर्क नाही. थोड्या वेळाने बॅटरीचा दिवाही विझला.

मे महिना. आत भट्टी पेटल्यासारखं व्हायला हवं होतं. पण मला थंडी वाजायला लागली. ओल्या मातीचा वास आला. आधारासाठी मी बाजूला हात टेकला, तर हाताला स्टील लागलं नाही. वीट लागली. खरखरीत, दमट, मधला चुना भुरभुरणारा. मी हात मागे घेतला आणि मागच्या भिंतीला पाठ लावली. तीही विटांचीच. छत इतकं खाली आलं होतं की मान वाकवावी लागली.

मग अगदी जवळून आवाज आला, "ताई..."

विशाखाचा आवाज. दम लागलेला. तिला लहानपणापासून दमा आहे, ती शिट्टीसारखी घरघर मी झोपेतही ओळखते.

"ताई, दार उघडत नाहीये. पंप वर राहिलाय."

काय सुचलं माहीत नाही, मी भिंत चाचपायला लागले. गुडघ्याच्या उंचीवर लाकूड लागलं, त्यावर लोखंडी कडी. मी म्हणाले, "विशू, ते दार सोड. खाली बस. भिंतीत छोटं दार आहे, कडी धर. ढकलू नकोस, ओढ."

लाकूड करकरलं. तोंडावर गार वारा आला. आणि लख्खकन लाइट लागले... समोर स्टीलची भिंत, पायाशी भाजीची पिशवी.

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा गार्डने पाणी दिलं आणि विचारलं, "मैडम, हाथ में ये क्या लगा है?"

दोन्ही तळव्यांना लाल विटेचा चुरा होता.

घरी येऊन विशाखाला फोन लावत राहिले. बऱ्याच वेळाने तिने उचलला. ती अंगणात बसली होती, पंप घेऊन झाला होता. तळघर बघायला उतरली, मागे दार घट्ट बसलं, हाका मारून कोणी आलं नाही. "मला वाटलं, संपलं सगळं. मग तू बोललीस," ती म्हणाली.

"काय बोलले?"

"खाली बस, कडी धर, ओढ."

मी तिला लिफ्टचं काहीच सांगितलं नव्हतं. मग सांगितलं.

गिरीश म्हणतो, ऑक्सिजन कमी पडला की भास होतात. दोघींना एकच भास? असं विचारलं की तो मोबाईल बघायला लागतो. विटेच्या चुऱ्याचं उत्तर माझ्या फिजिक्समध्येही नाही. आम्ही आता हा विषय काढत नाही. शेवटचं बोललो ते विशाखा परत आली तेव्हा, माझ्या स्वयंपाकघरात. चहा गाळताना तिने हळूच विचारलं,

"ताई, तुझ्याबरोबर ती बाई कोण होती गं? तू एक वाक्य बोलायचीस आणि तुझ्या मागून ती तेच बोलायची... तिकडच्या भाषेत."