गच्चीवरून मिसरी मारधाड

मार्च १९६५, गुरुवार. देरा, दुबई. घराची गच्ची, मगरिबच्या नमाजानंतर.

हजर: मी. माझ्या सासूबाई. जिन्याजवळच्या खोलीतली आपा. घरमालकाची विधवा बहीण, जिला आम्ही सगळ्या खाला म्हणायचो. एकूण चार.

आकडा आधीच लिहून ठेवते, कारण दोन दिवसांनी तो तीन झाला.

घर दुमजली होतं. खाली मालक आणि त्यांचं कुटुंब, वर दोन खोल्यांत दोन कोकणी बिऱ्हाडं. आम्ही श्रीवर्धनचे, आपा दापोलीची. माझे यजमान बंदरावर माल उतरवून घेणारे कारकून, आपाचे एका कापडवाल्या व्यापाऱ्याच्या दुकानात. आपा माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. इथे आल्यावर स्टोव्ह कसा पेटवायचा, खारं पाणी कशाला वापरायचं आणि गोडं कशाला, मासळीवाल्याशी अरबीत घासाघीस कशी करायची, हे सगळं मला तिने शिकवलं. माझी मुलगी झाली तेव्हा चाळीस दिवस माझं धुणं तिने धुतलं. हे लिहायला हवं. हिशोब दोन्ही बाजूंचा असावा.

गल्लीपलीकडे उघड्यावरचं थिएटर होतं. चार भिंती, वर आभाळ, समोर पांढरा रंगवलेला पडदा. हिंदी फिल्म लागली की वर्षातून दोनदा यजमान आम्हाला घेऊन जात. गुरुवारी मात्र मिसरी मारधाड असे. मिसर म्हणजे इजिप्त. तिथल्या मारामारीच्या फिल्मना नुसती पुरुषांची झुंबड, त्यामुळे घरच्या बायकांना कोणी नेत नसे. पण आमच्या गच्चीच्या कठड्यापाशी बसलं की भिंतीवरून पडदा दिसायचा. पूर्ण नाही, वरचा अर्धा.

ऑक्टोबरपासून रमझान सोडून एकही गुरुवार आम्ही चुकवला नव्हता. आम्हाला दिसायचे ते हीरोचे खांदे, खलनायकाची टोपी, नाचणारीचे हात. कोणी लाथ मारली तर लाथ दिसायची नाही, मागे कोसळणारं तोंड तेवढं दिसायचं. पहिल्याच फिल्ममध्ये घोडे आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काय गो, हे घोडे पाण्यातनं चाललेत काय? एकाला पाय दिसेल तर शपथ!" आपा इतकी हसली की खालाने तिच्या तोंडावर हात दाबला.

खालाचं लहानपण मुंबईत गेलं होतं, वडिलांचा मोत्यांचा व्यापार होता. ती तोडकं हिंदी बोलायची आणि आम्हाला गोष्ट सांगायची: "ये बोलता, तुम चोर. वो बोलता, मैं चोर नहीं, मेरा बाप चोर." विधवा झाल्यापासून ती भावाच्या घरात खालच्या आतल्या खोलीत राहायची. दिवसाकाठी चार शब्दही तिला कोणाशी बोलायला मिळत नसत. गुरुवारी मात्र तिचं तोंड दोन तास थांबायचं नाही.

गच्ची म्हणजे नुसती फिल्म नव्हती. माझ्या खोलीला एकच खिडकी, तीही गल्लीकडे. पाळणा, स्टोव्ह, दोन पेट्या आणि सासूबाईंचं अंथरूण एवढ्यात खोली संपायची. गच्चीवर मी कपडे वाळत घालायची, सुकी मासळी पसरायची, मुलीला वारा दाखवायची. दिवसभरात आभाळ बघण्याची माझी तेवढीच जागा होती.

मी सातवीपर्यंत शिकलेली, आणि याद्या करण्याची सवय शाळेपासूनची. कोणी काय आणायचं याचा रोज घोळ व्हायला लागला तेव्हा मी एका कागदावर लिहून तो जिन्याच्या दाराला आतून टाचणीने लावला:

चटई – मी
भाजलेले चणे – सासूबाई
गोष्ट – खाला
चहा – आपा (थर्मास माझा)

थर्मास लाल झाकणाचा होता, बॉम्बेहून आणलेला.

दुसरी यादी वहीत होती. काही फिल्म सुटल्या की गल्लीतून जाणारे पुरुष हवेत ठोसे मारत, एकमेकांची मानगूट धरत, ओरडत जायचे. तीच फिल्म मग पुढच्या आठवड्यात परत लागायची. काही फिल्म सुटल्या की तेच पुरुष मुकाट घरी जायचे, जणू मशिदीतून किंवा बँकेतून निघाले असावेत. असं का, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणून प्रत्येक फिल्मला एक पान, पानावर मुद्दे, खाली "गल्ली" म्हणून एक ओळ आणि त्याखाली "शेवट" म्हणून दुसरी.

सहा महिन्यांत बरंच जमलं होतं. हीरोने आधी मार खायला हवा, निदान तीनदा. पहिल्याच ठोशात जिंकणारा हीरो गल्लीला आवडत नाही. खलनायक पडद्यावर आल्या आल्या ओळखू यावा, खालाने सांगायच्या आत. नाचगाणं चालू असतानाच बाटली फुटली पाहिजे, गाणं संपल्यावर फुटली तर लोक तोपर्यंत पाणी प्यायला उठतात. मारामारी जिन्यावर, टेबलावर किंवा ट्रकवर असली तर उत्तम. हा शेवटचा मुद्दा आमच्या सोयीचा होता, हे कबूल.

तरी एक फिल्म या हिशोबात बसेना. हीरोने बोटीवर वीस जणांना लोळवलं, आधी भरपूर मारही खाल्ला, बाटल्याही वेळेवर फुटल्या. गल्ली मुकाट. मी तीन आठवडे डोकं खाजवत होते.

त्या मार्चच्या गुरुवारी उत्तर मिळालं. हीरो बंदरावरचा हमाल होता. त्याचा एक दोस्त, पुढचे दोन दात पडलेला, सारखा हसणारा. हीरो आपल्या भाकरीचा तुकडा तोडून आधी त्याला द्यायचा. दोस्त इतका गमत्या की सासूबाईसुद्धा तो आला की पुढे सरकून बसायच्या. आणि मग तोच दोस्त रात्री एका दुकानात शिरला, टेलिफोन उचलला आणि टोळीच्या म्होरक्याला हीरोचा पत्ता सांगायला लागला. खाली थिएटरात शेकडो पुरुष एकदम उभे राहिले. कोणी पडद्यावर चप्पल फेकली. "लोक बोलता, मत बोल, मत बोल," खाला म्हणाली, आणि ती स्वतःही उठून उभी राहिली.

तेवढ्यात मशीन बंद पडलं. पडदा काळा. पंधरा मिनिटं शिट्ट्या आणि शिव्या, मग कोणीतरी ओरडून सांगितलं, आज खलास, पुढच्या गुरुवारी पूर्ण फिल्म पहिल्यापासून.

"बघ," आपा चहा ओतता ओतता म्हणाली, "त्या बोटवाल्याला कोणी फसवलंच नव्हतं. वीस परके आले, वीस परके गेले. त्यात कोणाला काय पडलंय? लिही वहीत."

"काय लिहू?"

"लिही, दगा देणारा त्याच्याच ताटातला हवा. आणि लोकांना तो आधी आवडलेला हवा. नाहीतर फिल्म चालत नाही."

मी लिहिलं. खाली कंसात "आपाचा मुद्दा" असंही लिहिलं. मी ज्याचं श्रेय त्याला देते.

"पण सांगतो का तो पूर्ण पत्ता?" आपाने खालाला विचारलं. "अर्धाच सांगितला ना? का पस्तावतो?"

"अगला जुमेरात," खाला म्हणाली.

"मला तोवर झोप नाही यायची," आपा म्हणाली. थर्मासात थोडा चहा उरला होता, म्हणून तो तिच्याच खोलीत राहिला.

शनिवारी दुपारी मालकांनी माझ्या यजमानांना खाली बोलावलं. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. आधी नेहमीसारखं हबीबी, बसा, कहवा घ्या. मग मालक हिंदीत म्हणाले की त्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने, ज्याचा थिएटरात हिस्सा आहे, त्यांना सांगितलं, तुझ्या घरच्या बायका गच्चीवरून पुरुषांच्या खेळात डोकावतात. त्यांना बाजारात मान वर करता आली नाही. मग त्यांनी एक कागद पुढे केला. माझा कागद.

"पढ़ो."

यजमानांनी वाचलं. "चटई, मी. चणे, सासूबाई. गोष्ट, खाला."

"मी मतलब कौन?"

"माझी बायको," यजमान म्हणाले. मग म्हणाले, "लिहिणारी तीच."

"और खाला, मेरी बहन?"

यजमानांना हो म्हणावं लागलं.

मी चौथ्या ओळीची वाट बघत होते. ती आलीच नाही. संध्याकाळी यजमानांनी तो कागद माझ्यापुढे टाकला. खालची पट्टी नव्हती. ओढून फाडलेली नव्हती, नखाने घडी घालून, घडीवर थुंकी लावून, सरळ रेषेत काढलेली होती. आपा मसाल्याच्या पुड्यांचे कागद तसेच कापायची. मीही तिच्याकडूनच शिकले होते.

मी एकेक गोष्ट मांडून पाहिली. कागद मराठीत. मालकांना मराठी अक्षर वाचता येत नाही, म्हणजे माझ्या यजमानांच्या आधी कोणीतरी त्यांना तो वाचून दाखवला. त्या घरात मराठी वाचणारी बिऱ्हाडं दोन. थिएटरात हिस्सा असलेला व्यापारी म्हणजे आपाच्या यजमानांचा शेठ. कागद जिन्याच्या दाराला आतून होता, आणि ते दार आपाच्या उंबऱ्यापासून तीन पावलांवर.

त्याच संध्याकाळी गच्चीच्या दाराला कुलूप लागलं. सासूबाईंनी ओले कपडे बादलीत परत आणले आणि खोलीत दोरी बांधली. पाळण्यावर पाणी ठिबकायला लागलं. "मी नव्हते सांगत, लिहू नको म्हणून?" त्या म्हणाल्या. त्यांनी तसं कधीच सांगितलं नव्हतं, पण मी वाद घातला नाही. खाला दुसऱ्या दिवशी अंगणात दिसली. मी सलाम केला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तिच्या लेखी तिला भावापुढे उघडं पाडणारं अक्षर माझं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

चार दिवस मी स्वतःला समजावत राहिले की हे तिच्या नवऱ्याचं काम असेल. आपाला माहीतही नसेल. "डोकं दुखतंय," असं तिने दाराआडून दोनदा सांगितलं, तेही मी खरं धरलं.

गुरुवारी मगरिबनंतर मी खिडकीत मुलीला घेऊन उभी होते. थिएटरचं फाटक तिथून तिरकं दिसतं. गर्दीच्या बाजूने, थिएटरच्या हिस्सेदारांच्या वेगळ्या दाराकडे, व्यापारी आणि त्याची बायको चालले होते. त्यांच्या मागे आपाचे यजमान, त्यांच्या मागे काळ्या बुरख्यात एक बाई. बुरख्यात बाई ओळखू येत नाही. पण तिच्या हातात लाल झाकणाचा थर्मास होता.

खोलीत आवाज सगळे येत होते. टेलिफोनच्या जागी लोक पुन्हा ओरडले. या वेळी मशीन बंद पडलं नाही. पुढे मारामारी झाली, काचा फुटल्या, एक बाई रडली, आणि मग असा काही गलका झाला की आमचं तावदान हललं. अर्थ सांगायला खाला नव्हती. फिल्म सुटल्यावर गल्लीत पुरुष हवेत ठोसे मारत गेले. मी वहीत लिहिलं: गल्ली – उत्तम.

शुक्रवारी सकाळी पाण्याच्या पिंपापाशी आम्ही दोघी समोरासमोर आलो.

"कशी होती जागा?" मी विचारलं.

आपाने डबा खाली ठेवला. "मी फक्त यांना म्हटलं, शेठना विचारा, एक दिवस बसू देतील का. शेठ म्हणाले, तुझ्या बायकोला अर्धी फिल्म कशी ठाऊक? यांना खोटं बोलता येत नाही, गच्चीचं सांगून बसले, फक्त माझं नाव घेतलं नाही. शेठनी पुरावा मागितला म्हणून दारावरचा कागद नेला."

"कागद फाडता येतो."

तिने डबा पुन्हा उचलला. मग म्हणाली, "तो मी फाडला. माझं नाव असतं तर शेठनी त्यांच्या बायकोशेजारी बसवलं असतं मला?"

"आणि माझं?"

"तुझं अक्षर सगळ्यांना माहीत आहे. ते कुठे लपणार होतं?" तिचा आवाज चढला, मग उतरला. "सहा महिने अर्धा पडदा बघितला गं. मला एकदा पाय बघायचे होते."

मला माझा राग तिला बोलून दाखवता आला असता, पण तिने मागितलं होतं ते फारच थोडं होतं. आमची गच्ची, खालाचं तोंड, माझं आभाळ, आणि बदल्यात पाय.

डबा भरून ती निघाली आणि वळली. "शेवट सांगू का तुला? तो दोस्त..."

"नको," मी म्हटलं.

वर्षाच्या आत आम्ही ती खोली सोडली. खाला गेल्याचं नंतर कानावर आलं. सासूबाई श्रीवर्धनला परतल्या आणि आयुष्यभर ती फिल्म आपल्या मनाच्या शेवटासकट शेजारणींना सांगत राहिल्या. त्यात दोस्ताला घोडा तुडवतो. त्या फिल्ममध्ये घोडा नव्हताच.

आता आम्ही दुबईतच, करामाला राहतो. वही माझ्याकडे आहे, फाटका कागद तिच्यातच. आपा शारजाला मुलाकडे असते, लग्नकार्यात दिसते. आम्ही सलाम करतो, तब्येत विचारतो. तिच्या पायांना सूज असते, मी मिठाच्या पाण्याचा शेक सांगितला आहे. थर्मासचा विषय कोणी काढत नाही. माझ्या मुलीने ते पान पाहिलं आणि म्हणाली, "मॉम, जस्ट आस्क हर. व्हॉट्स द बिग डील?" तिला सगळं सांगायला बसले तर स्वयंपाक राहतो.

आजची यादी: गॅसवाल्याला फोन, झाला. नातवाचे बूट बदलून आणणे, झालं. आपाला विचारणे, त्या दोस्ताचं पुढे काय झालं. ही ओळ मी रोज सकाळी नव्या कागदावर उतरवून घेते. वहीतल्या त्या पानावर "शेवट" पुढे अजून काही लिहिलेलं नाही.