गॅस न पेटवता करायचे गोळे

बस डेपोच्या टायर खात्यात काम करणाऱ्या त्या बाईला सगळे टायरवालीच म्हणत आणि तिला त्यात काही कमीपणा वाटत नसे. बापाच्या जागी हेल्पर म्हणून लागली तेव्हा फोरमन म्हणाला होता, बाईच्या हाताला पाना पेलणार नाही. पुढे तोच फोरमन गंजलेला नट हलेना की तिला हाक मारायला लागला. हाक मारताना तोंड दुसरीकडे करायचा, ते सोडा. तिच्या हाताखालून गेलेलं चाक रस्त्यात कधी दगा देत नसे. समोरासमोरचे नट आधी आवळायचे, मग बाकीचे, मग सगळ्यांवरून पुन्हा एक फेरी. ज्या कामाला क्रम आहे ते तिला चोख येई. ज्याला क्रमच नाही असंही काही जगात असतं, हे तिला त्या नाताळापर्यंत ठाऊक नव्हतं.

झालं असं, की थोरला भाऊ जहाजावर असताना इकडे वहिनीचं पाठीचं ऑपरेशन निघालं. वहिनी दवाखान्यात गेली आणि तिची दोन पोरं, दोन पिशव्या आणि एक कान तुटलेला कापडी ससा टायरवालीच्या दोन खोल्यांत येऊन पडले. मुलगी नऊ वर्षांची, अबोल, मांजरासारखी भिंतीकडेने चालणारी. धाकटा पाच वर्षांचा, सतत बडबडणारा, पण विचारलं त्याचं उत्तर सोडून बाकी सगळं सांगणारा.

भावाचा जहाजावरून फोन आला. "पोरांची मावशी न्यायला तयार आहे. तिच्याकडे जागा मोठी आहे, बाग आहे. रविवारी ती गाडी घेऊन येईल. पोरांना तुझ्याकडे करमत असेल तर राहू देत, नसेल तर पाठव. पोरं म्हणतील तसं."

"बरं," म्हणून टायरवालीनं फोन ठेवला आणि मग उगाचच स्टोव्हखालचा कट्टा पुसत बसली. कुणी आपल्याला पसंत करावं म्हणून ती आजवर कुणापुढे वाकली नव्हती. संपाच्या वेळी मॅनेजरसमोर खुर्ची ओढून बसलेली बाई ती. पण गेला आठवडाभर कामावरून येताना जिन्यातच तिला आपल्या घरातून आवाज ऐकू यायचा आणि शेवटच्या पायऱ्या ती धावत चढायची. पोरं आपल्याकडे राहावीत, एवढंच तिला हवं होतं. पोरं म्हणतील तसं, ठीक. पण पोरं काही म्हणायलाच तयार नव्हती.

"आवडतंय का गं इथे?" तिनं मुलीला विचारून पाहिलं.

"हो," मुलगी म्हणाली. तोच सूर तिनं दूध हवंय का विचारल्यावर लावला होता आणि दूध तसंच ठेवलं होतं.

शुक्रवारी धाकट्यानं जेवताना विषय काढला. "आत्या, नाताळचे गोळे कधी करायचे?"

"कसले गोळे?"

"गॅस न पेटवता करायचे."

"गॅस न पेटवता कसले गोळे होतात रे? कच्चेच खायचे?"

"कच्चे नसतात," मुलगी म्हणाली. आठवड्यात पहिल्यांदा ती आपणहून बोलली, म्हणून टायरवालीनं घास तसाच हातात धरला. "बिस्किटं चुरायची. कोको घालायचा, डब्यातलं घट्ट गोड दूध घालायचं. मळायचं. गोळे करायचे. वरून खोबऱ्याचा कीस, म्हणजे बर्फ."

"नाही," धाकटा म्हणाला. "केळं असतं. आणि शेंगदाणे."

"ते वेगळं."

"वेगळं नाही, तेच. केळं मीच कुस्करलं होतं. नाकात गेलं होतं."

"एक मिनिट," टायरवाली म्हणाली. "तुमच्या घरी दर नाताळला होतात ना हे? मग कोको की केळं?"

दोघं एकमेकांकडे पाहून एकदम गप्प झाली. डेपोत दोन ड्रायव्हर चौकशीच्या वेळी असेच गप्प होत, ही गप्प बसण्याची जात तिच्या ओळखीची होती. फक्त इथे गुन्हा काय आणि तो कुणाचा, याचा थांगपत्ता लागेना.

दुसऱ्या दिवशी तिनं हवा भरणाऱ्या सोबत्याला विचारलं. त्याला चार पोरं, त्यामुळे पोरांच्या बाबतीत तो स्वतःला हेडऑफिस समजे.

"गॅस न पेटवता गोळे? सोपंय की. जे असेल ते बिस्किटांच्या चुऱ्यात घालायचं."

"जे असेल ते म्हणजे काय? काहीतरी माप असेल."

"गोळा वळला म्हणजे माप बरोबर."

"आणि वळला नाही तर?"

"तर अजून बिस्किटं. तुला काय चाकाला बसवायचेत?"

टायरवालीचं समाधान झालं नाही. परतताना तिनं कोको घेतला, केळी घेतली, दुधाचा डबा, शेंगदाणे, खोबऱ्याचा कीस, दोन जातींची बिस्किटं, असं सगळंच घेतलं. कुणाचं बरोबर हे कळत नसलं तर दोघांचंही सामान जवळ असावं, हा हिशेब. घरी आल्यावर हात कोपरापर्यंत धुतले, टेबलावर कागद अंथरला आणि पोरांना दोन बाजूंना उभं केलं.

"आधी कोकोचे करू, मग केळ्याचे. तू चुरा कर. तू वाटी धर. मी दूध ओतते. सांगितल्याशिवाय कुणी काही घालायचं नाही."

काम क्रमानं चाललं. बिस्किटं एकसारखी चुरली गेली. पीठ मऊ झालं, गोळे एकाच आकाराचे झाले, बॉल बेअरिंगसारखे ओळीत बसले. टायरवालीला वाटलं, जमलं. मान वर केली तर मुलगी हात मागे बांधून खिडकीबाहेर बघत होती आणि धाकट्याचा खालचा ओठ लोंबत होता.

"काय झालं?"

"असं नसतं," धाकटा म्हणाला.

"मग कसं असतं? तूच म्हणालीस ना कोको? घातला. दूध? घातलं. खोबरं राहिलंय, तेही घालते."

"हो, पण असं नसतं," आता मुलगीही म्हणाली.

"अगं मग सांग ना, बाई! मी काय मनकवडी आहे?"

आवाज चढला. डेपोत एवढ्या आवाजाला कुणी मागे वळूनही बघत नाही, पण इथे धाकटा सशाला घेऊन टेबलाखाली गेला. मुलगी अगदी हळू म्हणाली, "आत्या, तू बाहेर जाशील?"

टायरवालीला तोंडात मारल्यासारखं झालं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी, स्वतःच आणलेल्या सामानासमोर. तिनं हात पुसले. बाहेर कुठे जायचं ते तिला सुचेना, म्हणून ती दुसऱ्या खोलीत जाऊन पलंगावर बसली. उद्या रविवार. मावशीला काय सांगायचं, याचा विचार करायचं कारण उरलं नाही, असं तिला वाटलं. पोरांनी आपलं म्हणणं सांगितलं होतं.

त्या रांगेतल्या गोळ्यांना कुणी हात लावला नाही. गोळे वाईट नव्हते. तिनं एक खाऊन पाहिला, चांगला लागला, त्यानं ती आणखीच गोंधळली.

रविवारी दुपारी तिनं दवाखान्यात वहिनीला फोन लावला. हार मानून विचारायची तिला सवय नव्हती. आधी पाठीची चौकशी केली, मग गोळ्यांची.

"वहिनी, तुमच्या त्या नाताळच्या गोळ्यांत कोको असतो की केळं, एवढं सांगा. मी दोन दिवस झाले डोकं फोडतेय."

मग वहिनी म्हणाली, "मला नाही माहीत गं."

"तुम्हाला माहीत नाही? तुम्हीच करता ना?"

"मी कुठली करतेय. पोरं करतात." वहिनीनं आवाज खाली आणला. "हे तुझ्या भावाला सांगू नकोस. माझ्या बहिणीला तर अजिबात नको. मी कामाला जाते त्या गोदामात नाताळच्या आधीच्या दिवसांत सगळ्यात जास्त माल. सुट्टी मागितली की उद्यापासून येऊ नका म्हणतात. मग पोरांना घरात ठेवून बाहेरून कुलूप घालून जाते. गॅसला हात लावायचा नाही, एवढंच बजावून जाते."

टायरवालीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एकदा परत आले तर दोघं दारात. डोळे मीट म्हणाली. तोंडात गोळा घातला. घरात जे सापडेल ते चुरून, मळून. दर वर्षी वेगळं. आत काय घातलंय ते मी ओळखायचं. ओळखेपर्यंत कुणी उठायचं नाही, असा त्यांचा नियम. ओळखलं की खेळ संपला."

"म्हणजे मोठ्या माणसानं बघायचंच नसतं."

"बघितल्यावर ओळखायचं काय?" वहिनी म्हणाली. "वाईट आई आहे ना मी?"

"वहिनी, गप्प बसा," टायरवाली म्हणाली. "वाईट कोण ते मला कळतं." तिचा राग कुणावर होता ते तिला तरी नीट कळत होतं. आठवडाभरात तेवढीच एक गोष्ट स्पष्ट होती. कुलूप वहिनीनं घातलं असेल, पण त्याची किल्ली गोदामवाल्यांच्या खिशात होती. एकदा पाठ सरळ होऊ दे हिची, मग त्या गोदामाच्या दारात जाऊन बघते, असं तिनं मनात ठरवलं आणि फोन ठेवला.

मग ती टेबलाशी गेली. पोरं सकाळपासून हळू आवाजात बोलत होती.

"मी बाहेर बसते," ती म्हणाली. "दार ओढून घेते, कुलूप नाही. घरात जे आहे ते सगळं तुमचं. फक्त गॅस."

"गॅस नाही," दोघं एकदम म्हणाली.

ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. आतून लाटण्याचे ठोके आले, खुर्ची सरकली, कपाटं उघडली, डब्यांची झाकणं पडली. आपली कपाटं कुणीतरी उपसतंय आणि आपल्याला बरं वाटतंय, हेही तिला नवीनच होतं. बरं वाटावं की नाही, ते मात्र ठरेना. मावशीची गाडी कुठल्याही क्षणी येणार होती आणि हा खेळ म्हणजे निरोपाचा असेल तर?

मावशी आलीच. चांगला कोट, हातात गाडीची किल्ली, जिना चढून दम लागलेला.

"तुम्ही इथे काय करताय?"

"बसलेय."

"पोरं कुठायत?"

"आत."

"एकटी?"

"दोघंयत."

"आणि तुम्ही बाहेर?"

"मला बाहेर काढलंय."

मावशीनं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुमच्याच घरातून?"

"हो. तुम्हीही बसा. आत घेणार नाहीत."

मावशी बसली नाही. कठड्याला धरून उभी राहिली. "हे बघा, मला कुणाचं मन दुखवायचं नाही. पण पोरांना जरा शिस्त, जरा जागा..."

तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि धाकट्याचं पांढऱ्या पिठासारखं तोंड बाहेर आलं. तोंडावर दुधाची पावडर होती. मावशीला बघून तो क्षणभर थबकला, मग तिच्या पलीकडे बघत म्हणाला, "आत्या, डोळे मीट आणि ये."

टायरवाली डोळे मिटून उठली. धाकट्यानं बोट धरलं. स्वतःच्याच उंबऱ्याला ठेच लागली. मागून मावशी, "अरे, मलाही सांगा ना काय चाललंय," म्हणत आत आली. खुर्चीवर बसवलं गेलं. तोंड उघड म्हणून हुकूम आला आणि मुलीच्या लहानशा, चिकट बोटांनी जिभेवर एक ओबडधोबड, कोपरे असलेला गोळा ठेवला.

"ओळख," मुलगी म्हणाली.

बिस्किटं होती. दुधाची पावडर होती. आणि दुसऱ्यांदा चावताच दाताखाली काहीतरी कडक फुटलं आणि नाकापर्यंत झणझणीत गारवा गेला. ही चव तिला झोपेतही कळली असती. रबराच्या धुरानं घसा धरतो म्हणून वर्षानुवर्षं गणवेशाच्या खिशात बाळगलेल्या तिच्या खोकल्याच्या गोळ्या. पोरांनी कपाटात कोको, केळी, शेंगदाणे सगळं असताना दाराआड टांगलेल्या तिच्या गणवेशाचा खिसा शोधला होता.

"चला," मावशी म्हणाली, "पिशव्या भरल्यात का? अंधार पडायच्या आत निघू."

"आत्यानं ओळखलं नाही अजून," मुलगी म्हणाली. "ओळखेपर्यंत कुणी उठायचं नाही."

"मग ओळखा हो पटकन."

टायरवालीनं डोळे उघडले नाहीत. तोंडातला गोळा इकडून तिकडे फिरवला. कपाळाला आठ्या घातल्या.

"खोबरं," ती म्हणाली.

"नाही."

"केळं?"

"नाही," धाकटा म्हणाला आणि हसू आवरायला त्यानं सशाच्या पोटात तोंड खुपसलं असावं, कारण आवाज तिथून आला.

"मग भलतंच काहीतरी आहे. मला काहीच कळत नाहीये."

"कळत नाहीये म्हणे," मावशी म्हणाली. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि टेबलावर किल्ली ठेवल्याचा. "मला द्या बरं एक. मी सांगते."

"तुला नाही," मुलगी म्हणाली. "आधी आत्याचं."

"कॉफी," टायरवाली म्हणाली. "नाही? थांबा. घाई करू नका कुणी. अजून एक गोळा द्या, एकानं नाही लक्षात येत."