चौथं पुस्तक नलूनं वाचलं नाही

हे लिहावं की नाही, यातच माझे पुष्कळ दिवस गेले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. परीक्षेतले निबंध सोडले तर मी कधी काही लिहिलेलं नाही. जिच्याबद्दल लिहिते आहे ती माझ्या नात्यातली नव्हे, जातीतली नव्हे. तिचं दुःख सांगायचा हक्क मला कुणी दिलेला नाही. वाचणाऱ्यांनी राग मानू नये. दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. ईट या गावाजवळचं आमचं खेडं. मी सातवीत होते. तात्यांच्या अंगणात मी आणि माय उभ्या होतो. अनवाणी. ऊन टाळूवर आलेलं. तात्या म्हणजे गावच्या सोसायटीचे चेअरमन. ओसरीत बाजेवर त्यांची मुलगी नलू बसली होती. माझ्याच वर्गातली, माझी मैत्रीण. आदल्या दिवशी शाळेत प्रार्थनेला उभी असतानाच ती कोसळली होती. एवढ्या उन्हातही तिला थंडी वाजत होती. अंगावर घोंगडी.

नलूच्या आत्यानं एक अख्खी भाकर घेतली. तिच्यावर मीठ-मिरची ठेवली. नलूवरून ओवाळली. मग पायऱ्या उतरून आली आणि ती भाकर माझ्यापुढं मातीत ठेवली.

"उचल. आन् मागं न बघता चालायला लाग. तुझी भुकी नजर लागलीया आमच्या लेकराला. तुझी नजर तूच घेऊन जा."

ज्याची नजर लागली त्यानंच ओवाळलेलं अन्न उचलून न्यायचं, म्हणजे नजर परत जाते, असा त्यांचा समज.

भाकर पांढरीशुभ्र होती. घरच्या ज्वारीची. आमच्या चुलीवर तेव्हा रेशनच्या लाल मिलोची, परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकर भाजत होती, तीही एकच वेळ. मला त्या भाकरीचा वास येत होता. खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं होतं.

माझी नजर लागली म्हणाले. का, तर नलूचा डबा मी खात होते. हे खरंच होतं.

नलू अंगानं भरलेली. दुष्काळात शाळेतल्या सगळ्या पोरांच्या काटक्या झाल्या, ती मात्र तशीच राहिली. ती वर्गात आली की पोरं ओरडायची, "आलं, आलं, सोसायटीचं गोदाम आलं! कुलूप उघडा रं!" घरी आत्या म्हणायची, "हिला कोण नवरा मिळायचा? दारातनं आत मावंना." नलू हसण्यावारी न्यायची. शाळेमागं जाऊन रडायची.

तिच्या मामानं पुण्याहून पुस्तकं पाठवली होती. चार मैत्रिणींच्या गोष्टींची मालिका. तिच्याकडं तीन भाग होते. चौघींतली एक जाडी. बाकीच्या तिला भोपळी म्हणतात. तिसऱ्या भागात भोपळी जेवण सोडते, बारीक होते आणि शाळेच्या नाटकात राजकन्या होते. टाळ्या पडतात. पुस्तक संपतं. मी मोठ्यानं वाचायची, नलू ऐकायची.

"वाच की परत. नाटकाचं वाच."

मग तिचा डबा माझ्याकडं येऊ लागला. "तू खा. माझं पोट भरलंय." डबा सरळ माझ्या हातात द्यायची. त्या घरच्या पाण्याच्या तांब्याला मला हात लावू देत नव्हते, आणि ही अख्खा डबा देत होती. मी खाताना ती माझ्या तोंडाकडं बघत राहायची. तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

मी म्हणाले, "नलू, एक घास तरी घे."

"भोपळीनं घेतला हुता का?"

आमच्यासाठी पुस्तकात छापलेलं खोटं नसायचं.

अंगणात त्या दिवशी नलू बाजेवरून बोलली. आवाज निघत नव्हता तरी बोलली. "आत्या, मीच देत हुते तिला."

"तू गप. तुला काय कळतंय? करणी झालीया तुझ्यावर."

माय माझ्या कानाशी म्हणाली, "उचल बाई." आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हापासून असला उतारा उचलणं सोडलेलं. मायला हे ठाऊक होतं. पण माय तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती, आणि तिथं तात्यांचा शब्द चालायचा. मी हलले नाही, तशी ती स्वतःच वाकली. मी तिचा हात धरला.

"न्हाय उचलणार," मी म्हणाले. "माझी नजर न्हाय लागली. ती जेवत न्हाय. तिला खाऊ घाला."

तात्या इतका वेळ पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी घातली. खाली आले. "शाळंत जाऊन हे शिकलीस व्हय गं?" म्हणाले आणि मायसमोर माझ्या थोबाडीत मारली. मायनं हात जोडले, ते तसेच जोडलेले राहिले.

मागं बघायचं नाही, असं बजावलं होतं. निघताना मी बघितलं. नलू माझ्याकडंच बघत होती.

दुसऱ्या दिवशी मायला कामावरून परत पाठवलं. नलूची शाळा सुटली. पुढं तिचं लग्न बार्शीकडं झालं. वरातीत लोक म्हणाले, नवरी कशी नाजूक आहे.

यंदा कॉलेजच्या लायब्ररीत खालच्या फळीवर ती मालिका दिसली. चार भाग. चौथा असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. मी तिथंच खाली बसून सगळे वाचले. तिसऱ्या भागात लिहिलं होतं की कंगव्यात भोपळीचे केस येतात, हात गार पडतात. तेव्हा मी हे मोठ्यानं वाचलेलं असणार. टाळ्या ऐकायच्या घाईत दोघी पुढं गेलो. चौथ्या भागात ती अंथरुणाला खिळते. डॉक्टर सांगतात, हा हट्ट नव्हे, हे दुखणं आहे. मैत्रिणी तिची माफी मागतात, रोज तिच्याजवळ बसून जेवतात. ती एक घास खाते. मग दोन.

मी पुस्तक माझ्या नावावर घेतलं. नलूच्या सासरी जायचं, तिच्याजवळ बसून वाचायचं, असं ठरवलं. पत्ता विचारावा म्हणून गावाकडून बाजाराला आलेल्या माझ्या मामाला बसस्टँडवर गाठलं.

"कोण, चेअरमनची नलू? ती शिमग्यातच गेली की. तुला कुणी सांगितलं न्हाय?"

"कशानं?"

"वाळत वाळत गेली म्हणं. लेकरूबी राहिलं न्हाय पोटात. लई देवऋषी केले." मामानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तात्याच्या घरी आजूनबी म्हणत्यात, ल्हानपणीची नजर हुती म्हून."

"कुणाची?"

मामा खाली बघत म्हणाला, "तुझीच की गं."

मी रडले. बसस्टँडवर, सगळ्यांच्या देखत. मग मामाबरोबर गावाकडच्या गाडीत बसले. मामा म्हणाला, "आता जाऊन काय करणार? मेलेलं माणूस परत येतंय का?"

येत नाही. पण नलू भरल्या घरात उपाशी मेली. ती का जेवत नाही, हे त्या घरात तिला कुणी विचारलं नाही. हे तात्यांच्या ओसरीवर चढून, त्यांच्या तोंडावर सांगायचं, असं मी गाडीतच ठरवलं. या वेळी अंगणात उभं राहायचं नाही.