मूठ वळली की थांबायचं

त्या संध्याकाळी तिने मूठ वळली आणि मी बटनावरचं बोट उचललं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

तुम्ही म्हणाल, मूठ कसली? मी भिलाईच्या प्लांटात क्रेन चालवायचो. वर केबिनमध्ये खालचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खालचा माणूस हात दाखवतो. तळहात खाली करून हलवला की हळू. मूठ वळली की थांब. बायकोला हे मीच शिकवलं. कारण व्हिडिओ काढताना ती मधेच ओरडायची, "हळू दाबा ना जी! मी काय एक्स्प्रेस गाडी आहो का?" आणि ते सगळं व्हिडिओत यायचं.

व्हिडिओ भाज्यांचे, रायपूरच्या नातीसाठी. नात हिंदीत बोलते, मराठी ऐकते आणि हसते.

"फोनवर सांग ना तिले," मी म्हणायचो.

"फोनवर तिले लगेच काम आठवते. व्हिडिओ जागचा हालत नाही."

जन्मभर पाटोडी, म्हणजे बेसनाच्या वड्यांची रस्साभाजी करणारी बाई. पण मोबाईल समोर आला की बेसन म्हणायचं तिथं मैदा म्हणायची.

"तुले सारं पाठ आहे, मंग वाचून कावून बोलते वं?"

"तो डोळा माह्याकडं पाहून राहिला ना, माह्यं तोंडच सुकते."

म्हणून पोरानं जुगाड करून दिलं. जुना लॅपटॉप सपाट उघडला. त्याचा पडदा मिक्सरच्या खोक्यात आडवा, बटनं बाहेर. पडद्यावर तिरपी काच, काचेमागे मोबाईल. पडद्यावर कृतीची अक्षरं उलटी, काचेत सुलटी. ती काचेत पाहून वाचायची, आणि व्हिडिओत वाटायचं की तुमच्याच डोळ्यांत पाहते आहे. कसं, ते पोराला विचारा. त्यानं मला दोनदा समजावलं, मी दोनदा मान हलवली. माझं काम बाजूला बसून बटन दाबायचं, अक्षरं वर सरकवायची. मी कमी शिकलेला. एकेक अक्षर लावत जातो, त्यामुळे मला उलटं काय आणि सुलटं काय.

काच तिच्याच फोटोची होती, स्टुडिओत काढलेल्या, भिंतीवरच्या.

"फोटो उघडा पडला वं," मी कुरकुरलो.

"पडू द्या. मी काय त्यातून निघून चालली?"

तर त्या संध्याकाळी पाटोडी अर्ध्यावर आली, बेसन घोटून झालं, आणि तिनं मूठ वळली.

"घशाले कोरड पडली जी. बाकीचं सकाळी."

सकाळी मी चहा ठेवला, हाक मारली. उजेड चांगला आहे, ऊठ, म्हटलं. ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं. संध्याकाळी चांगली बोलत होती, मग हे कसं, हे मला कोणी समजावलं नाही. समजावलं असतं तरी मी मानच हलवली असती.

पोरगा आला. घर माणसांनी भरलं. हार आले. त्यानं हार घालायला भिंतीवरचा तिचा फोटो काढला.

"बाबा, काच कुठं आहे?"

"खोक्यात."

तो काच काढायला वाकला.

"थांब," मी म्हणालो. "माल लटकून आहे."

पोरगा माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. "बाबा, पानी लाऊँ?"

क्रेनचा नियम आहे. माल हवेत लटकता ठेवून ड्रायव्हर खाली उतरत नाही. दुसरा नियम, खालून हात आल्याशिवाय माल हलवायचा नाही. दोन्ही मी नोकरीभर पाळले. त्या सकाळी दोन्ही एकदम कसे पाळायचे, ते समजेना. मी तिच्या हाताकडे पाहिलं. बाया तिला नवं लुगडं नेसवत होत्या.

मी लॅपटॉप चालू करायला लावला. अक्षरं तिनं थांबवली तिथंच उभी होती. मी खुर्ची ओढली आणि बटन दाबलं. हळू, तिला आवडायचं तसं. बेसन थापा. खोबरं भुरभुरा. वड्या कापा. रस्सा उकळू द्या. एकेक अक्षर लावत, उलट्या बाजूनं. खोलीतल्या माणसांना वाटलं असेल, म्हातारा गेला कामातून. वाटू दे.

शेवटची ओळ आली. 'आता जेवाले बसा.'

पुढं पडदा पांढरा होता. मी बोट उचललं.

"ने काच," पोराला म्हटलं.