आधी कडी, मग गोष्ट

"आधी कडी, मंग गोष्ट."

आबांच्या घरात पाऊल टाकलं की हे वाक्य कानावर यायचंच. आलेल्या माणसाला बस म्हणायच्या आधी ते उठायचे, दाराला आतून कडी घालायचे, ती दोनदा हलवून बघायचे आणि मग नातीला मांडीवर घेऊन चित्रांचं पुस्तक उघडायचे. हे सगळं भर दुपारी, बाहेर रखरखीत ऊन असताना. पहिल्यांदा गेले तेव्हा मी चमकलेच. ओळख ना पाळख, आणि आत घेऊन कडी घातली तर कुठलीही बाई चमकेल. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा.

"तुमच्यासाठी न्हाई बाई कडी," ते म्हणाले. "त्याच्यासाठी हाय."

'तो' कोण, हे शिरूरच्या आमच्या भागात कुणाला विचारावं लागत नाही. तुमच्यातले जे उसाला लागून राहतात त्यांनी ओळखलंच असेल. बाकीच्यांसाठी सांगते. बिबट्या. आमच्याकडे सरळ वाघच म्हणतात त्याला, आणि अंधार पडल्यावर तेही म्हणत नाहीत.

मी वस्तीवरची अंगणवाडी सेविका. माहेर दौंडचं, अगदी रेल्वेलाइनच्या कडेचं. लहानपणी मालगाडी धडधडत गेली तरी मी कूस बदलायची नाही. इथे सासरी आले आणि शांततेनं झोप उडाली. आता त्या शांततेत उसाचं पान जरी वाजलं तरी मी उठून बसते. तेव्हा मी फार शूर होते असं समजू नका. पण आबांची भीती बघितली की मला स्वतःची भीती किरकोळ वाटायची.

मुळात हा माणूस भित्रा नव्हता. दाराच्या चौकटीत वाकून शिरावं लागेल एवढी उंची, पांढऱ्या मिशा, आवाज असा की शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं जागं व्हावं. रात्रीची लाइट असली की एकटे जाऊन उसाला पाणी द्यायचे. पण नात झाली, ओवी, आणि आबा बदलले. मुलगा आणि सून दोघंही रांजणगावच्या कंपन्यांत, त्यामुळे दिवसभर ओवी आबांकडे. बायको आधीच गेलेली. घराच्या तिन्ही बाजूंना ऊस, आणि त्या उसात कधी काय बसलेलं असेल याचा नेम नाही.

"मला माझ्या जिवाचं काय न्हाई बाई," ते एकदा म्हणाले. "आता माझं काय ऱ्हायलंय खाण्यासारखं? पण हिचं बघा. केवढुशी मान हाय."

त्या मानेपायी त्यांनी एक युक्ती काढली होती. तो आधी गळा धरतो असं ऐकल्यापासून ओवीच्या गळ्याभोवती लोकरीचा मफलर असायचा. तोही चार वेढे घालून, ऐन चैत्रात. पोरीच्या मानेवर घामोळं उठलं. मी रागावले. "घामोळं जातंय वो पावडरीनं," म्हणाले आणि मफलर तेवढा तीन वेढ्यांवर आणला. चहाच्या टपरीवर लोक त्यांची चेष्टा करायचे. "आबा, काल तो पुलावर भेटला, तुमचं घर विचारत होता." सगळे हसायचे. आबा चहा तसाच टाकून घरी निघायचे.

पुस्तक मीच दिलं होतं. प्राण्यांचं, जाड पानांचं. लहान बाळं असलेल्या घरी जाऊन आम्ही सांगतो, बाळाशी बोला, चित्रं दाखवा, गाणी म्हणा. बरेच लोक मान डोलावतात आणि पुस्तक कपाटावर ठेवून देतात. आबांनी मात्र ते मनावर घेतलं. दाराला कडी असल्यावर दिवसभर करायचं तरी काय, हाही भाग होताच.

त्यांची वाचायची तऱ्हा वेगळी. पुस्तकातली गाय म्हणजे त्यांची चंद्री. कोंबडी शेजारच्या मावशींची. कुत्रं आलं की दोघंही भुंकायचे. हत्तीचं पान आलं की म्हणायचे, "ह्यो हत्ती. ह्यो आपल्यात न्हाई," आणि पुढे जायचे. ओवी खिदळायची. बोलायला लागली नव्हती, पण हाताने पान उलटायची आणि आबांची मिशी ओढून 'पुढचं' असं बजावायची.

मग ते पान यायचं. पिवळं अंग, काळे ठिपके, समोर रोखलेले डोळे. आबांचा आवाज एकदम खाली जायचा.

"ही... माऊ," ते म्हणायचे.

"आबा, माऊ कुठली? हा तर..."

"श्श!" त्यांनी माझ्यापुढे तळहात धरला. "नाव घ्यायचं न्हाई बाई. नाव घेतलं की त्याला वाटतं, बोलवलंय."

मला हसू आलं, पण ते मी दाबलं. माझ्या सासूबाईही दिवे लागल्यावर सापाला 'लांबडं' म्हणतात. भीतीची भाषा अशीच असते आणि ती घरोघरी आहे. तरी मी म्हणालेच, "पोर त्याला मांजर समजेल की."

"समजू दे. हिनं कशापायी भ्यायचं? भ्यायला मी हाय की."

आणि त्या पानासाठी त्यांनी एक गाणंही जुळवलं होतं. हाताची बोटं आपल्याकडे वळवत म्हणायचे,

"माऊ माऊ, ये ये,
वाटीतलं दूध घे घे,
ओवीबाळाला पापी दे."

ओवीला सगळ्यात आवडायचं ते हेच. बोटं तशीच वळवून ती 'ये ये' करायची. तिचा पहिला शब्द 'आई' नव्हता, 'आबा' नव्हता. 'माऊ' होता.

पुढे शेजारच्या वस्तीवरून एक वासरू त्यानं उचलून नेलं. आबांना त्या पानाचे डोळेही सोसेनात. मी पुन्हा गेले तेव्हा त्यांनी कणकेची खळ करून ते पान पुढच्या पानाला चिकटवून टाकलं होतं. पण पोरं कुठली फसतात! ओवीनं ते जाड झालेलं पान बरोबर हेरलं होतं. त्यावर थापट्या मारून ती म्हणायची, "माऊ, माऊ." आबा घाईघाईनं कोंबडी दाखवायचे.

तो दिवस थंडीतला. ओवीचं वजन करायला मला उशीर झाला होता. ऊन उतरलं होतं, पण अजून दिसत होतं. रस्त्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. "सूनबाई आली," म्हणत आबांनी कडी काढली. उसातली वाट तिनं एकटीनं चालू नये म्हणून ते रोज बॅटरी आणि काठी घेऊन तिला आणायला जायचे. काठी घ्यायला ते आतल्या खोलीत वळले. मी वजनकाटा पिशवीत भरत होते. ओवी रांगत रांगत उंबऱ्यापाशी गेली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"माऊ," ती म्हणाली.

मला वाटलं, पुस्तक मागते आहे. मग दिसलं, पुस्तक तर खाटेवर पडलं आहे. ओवी अंगणाकडे तोंड करून, बोटं आपल्याकडे वळवत, अगदी लाडात म्हणत होती, "माऊ. ये ये."

गोठ्याजवळच्या हौदापाशी तो उभा होता. पाणी प्यायला आला असावा. मान वर करून तो ओवीकडे बघत होता. चित्रात असतो तसाच. मला ओरडायचं होतं. खरं सांगते, माझ्या तोंडून वारासुद्धा निघाला नाही. ओवीनं एक हात चौकटीवरून सोडला आणि पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलं.

माझ्या अंगावरून काहीतरी गेलं. ते आबा होते. हातात ना काठी ना बॅटरी, दोन्ही आतच पडल्या होत्या. ओवीला दोन पायांच्या मधे घेऊन ते चौकटीत उभे राहिले, खांद्यावरची घोंगडी दोन्ही हातांनी उंच पसरली आणि घसा फोडून ओरडले,

"वाघ! वाघ! वाघ!"

वर्षभर न उच्चारलेला शब्द असा बाहेर पडला की चारी वस्त्यांवरची माणसं डबे, थाळ्या बडवत धावली. तो क्षणभर बघत राहिला. मग वळला आणि सावकाश उसात गेला. सून ज्या वाटेनं येणार होती, त्याच बाजूला.

आबांनी पोर माझ्या हातात कोंबली आणि अनवाणी धावत सुटले. मी दार लावलं. ओवी रडत होती, मी तिला गच्च धरून देवाचं नाव घेत होते, आणि बाहेरून आबांची हाक येत होती, "सूनबाई! थांब तितंच! हलू नगंस!" सून सुखरूप आली, शेजारच्या पोरांनी तिला रस्त्यावरच गाठून मोटारसायकलवर बसवलं होतं. तोवर माझं काय झालं ते मलाच माहीत.

परत आल्यावर आबा खाली बसले. कडीची त्यांना आठवणही राहिली नाही, ती मीच घातली.

"मी बोलवलं त्याला बाई," ते म्हणाले. "नाव न्हाई घेतलं, पर गाण्यातनं रोज बोलवत हुतो. ये ये म्हून."

"आबा, त्याला पाणी हवं होतं," मी म्हणाले. "तुमचं गाणं नव्हतं हवं."

ते काही त्यांना पटलं नाही. ते ओवीच्या मानेवरून बोट फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओलं फडकं ठेवून ठेवून ते पान सोडवलं. खळ चांगली झाली होती, पान नीट सुटेना. धड आलं, ठिपके आले, पंजे आले. तोंड तेवढं पलीकडच्या पानावरच्या सशाला चिकटून राहिलं. तसंच ते उघडून त्यांनी ओवीला मांडीवर घेतलं.

"माऊ न्हाई ही. वाघ. वाघ दिसला की घरात पळायचं. म्हण, वाघ."

ओवीनं चित्राकडे बघितलं. मग मान वर करून आबांकडे बघितलं, दोन्ही हात उंच केले आणि आनंदानं ओरडली, "वाघ!"

तिचं तरी काय चुकलं? तो शब्द तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकला तेव्हा आबाच तिच्या डोक्यावर हात पसरून उभे होते. त्या दिवसापासून आबांचं नाव वाघ पडलं. ते कळवळून सांगायचे, "आगं बाय, मी न्हाई वाघ! मी भित्रा माणूस हाय." ती ऐकायची नाही. ते घरात शिरले की हात वर, "वाघ आला!" टपरीवरच्या लोकांना हे कळलं, पण त्यावरून आबांची चेष्टा मात्र कुणी केली नाही.

आबा जाऊन आता वर्ष होत आलं. साधा ताप, अंगावर काढला, आणि संपलं. ऊस आहे तिथेच आहे. उसातला तोही आहे. परवाच कुणाच्या तरी अंगणात पावलं उमटली होती. ओवी माझ्या अंगणवाडीत येते, मफलर न घालता. तिच्या आईनं पुस्तक परत आणून दिलं. "घरात उघडवत न्हाई वो बाई," म्हणाली.

काल मी ते पोरांपुढे धरलं. चंद्री झाली, कोंबडी झाली, हत्ती झाला. मग ते पान आलं. ठिपक्यांचं अंग, चार पंजे, आणि तोंडाच्या जागी नुसता खरबरीत पांढरा पुठ्ठा.

"हा कोण?" मी विचारलं.

"वाघ!" पोरं एका सुरात ओरडली.

ओवी तेवढी गप्प होती. ती उठून पुढे आली, त्या पांढऱ्या जागेवर हात ठेवला आणि म्हणाली, "आबा."

पोरं हसली. मी काही दुरुस्त केलं नाही. उठले, दाराला आतून कडी घातली, दोनदा हलवून बघितली, आणि मग पुढचं पान उलटलं.