एक रिंग

क्लच जळल्याचा वास आला की मला कारवारकडच्या जोयड्यातली ती दुपार आठवते. आमची भाड्याची जीप; गिऱ्हाईक चुकू नये म्हणून नवऱ्यानं फोन उचलणारं एआय लावलं होतं. तो जेवत होता, मी भाकरी थापत होते. फोन वाजायच्या आतच ते गोड आवाजात विचारायचं, "नमस्कार, आपल्याला कुठं जायचं आहे?" पलीकडून कट. पुन्हा तेच, पुन्हा कट. शेवटी पिठाच्या हातानं नंबर बघितला. अणशीकडची मावशी! तिची सून दिवस भरलेली. तिथं रानात बोलणं तुटतं, रिंग तेवढी जाते. म्हणून मिस्कॉल म्हणजे 'जीप पाठवा', असं आमचं ठरलेलं. "अवो, उठा! मिस्कॉल देतीया ती!" मीही जीपमध्ये बसले, चढावर क्लचचा धूर निघेस्तोवर त्यानं गाडी दामटली. सून रस्त्याकडेला घोंगडीवर कण्हत होती. मावशी माझ्यावरच कडाडली, "कोण गं ती फोनवरची बाई? वाजूच देत न्हाई!" दवाखाना गाठायच्या आत मावशीच्या नातीनं जीपमध्येच टाहो फोडला. ते यंत्र अजून आहे आमच्याकडं. पण पहिली रिंग वाजून जाईस्तोवर मी त्याला गप्प बसवलंय. पहिली रिंग माणसानं ऐकायची.