लाइट गेल्यावरची साफसफाई

वळ गावातल्या आमच्या सुतारकामाच्या गाळ्यात लाइट गेली की लाकूड कापायची कटर मशीन साफ करायची, अशी रीत होती. वेळ वाया जात नाही म्हणे! प्लग कुणीच काढत नसे. लाइटच नाही, तर कशाला? अक्कल गहाण टाकली होती आम्ही.

त्या दुपारी वडील पात्याजवळचा भुसा बोटांनी काढत होते आणि लाइट आली. मशीनचा खटका दाबून त्यावर टेप गुंडाळलेली होती. पातं फिरलं. त्यांची दोन बोटं गेली.

आता मी आधी प्लग काढतो, मगच पात्याला हात लावतो. वडील खुर्चीत बसून बघत असतात. टेप कुणी लावली, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

कापताना सारखा खटका दाबून धरून माझं बोट दुखायचं, म्हणून मीच लावली होती.